.३०-०६ च्या पुंगळीतून ८×५७ करताना बोल्ट घट्ट का लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे (.३०-०६ आणि ८×५७ ही रायफलच्या काडतुसांची दोन मापे; पुंगळी म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, चेंबर म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, आणि बोल्ट ती मागून बंद करतो): "माझ्याकडे .३०-०६ च्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या भरपूर आहेत, पण रायफल माउझर ९८ बनावटीची, ८×५७ ची. पुंगळी ५७ मि.मी.ला कापून ८×५७ च्या फुल-लेंग्थ डायमधून काढतो. नुसती पुंगळी चेंबरमध्ये छान बसते. गोळी बसवली की निम्म्या पुंगळ्यांवर बोल्ट जोर लावल्याशिवाय बंद होत नाही. डाय सदोष आहे का? अजून खाली घेऊ का?"

डाय, म्हणजे पुंगळी दाबून ठरलेल्या आकाराला आणणारा साचा, बहुधा ठीक आहे, आणि अजून खाली मुळीच घेऊ नका. हाताने जोर लावून बोल्ट बंद करून ती फैर उडवण्याचा विचार तर मनातही आणू नका. नुसती पुंगळी सहज बसते आणि गोळी घातल्यावर अडते, यातच उत्तर आहे. अडतो तो खांदा नव्हे, मान. (मान म्हणजे गोळी धरणारा पुंगळीचा पुढचा अरुंद भाग, खांदा म्हणजे तिच्या मागचा उतार.) तिची भिंत जाड झाली आहे, त्यामुळे आत गोळी शिरली की मान बाहेरच्या बाजूने चेंबरच्या मानेपेक्षा मोठी होते. अशी फैर उडाली तर मानेला फुगून गोळी सोडायला जागाच उरत नाही. गोळी पकडीत अडकते आणि दाब क्षणात नको तिथे जातो.

पुढचे सगळे लिहिण्याआधी एक गोष्ट. घरी काडतूस भरायला तुम्ही राहता तिथला कायदा परवानगी देतो का, त्यासाठी कोणता परवाना लागतो, हे आधी पक्के करा. नसेल तर हा उद्योग तिथेच थांबतो.

आता पितळ काय करते ते पाहू. डाय पुंगळीला आकार देते, जाडी देत नाही. जाडी जुन्या पुंगळीची, ती ज्या जागेवर होती तिथली, आणि ती जागा दाबली गेली की ताणली गेली यावर ठरते. .३०-०६ ची पुंगळी ६३.३५ मि.मी. लांब. तिचा खांदा बुडापासून साधारण ४९.५ मि.मी.वर सुरू होतो आणि ५३.५ च्या आसपास संपतो, तिथून पुढे मान. ८×५७ चा खांदा त्यापेक्षा सुमारे ३ मि.मी. मागे, साधारण ४६.४ वर सुरू होतो आणि ४९ च्या पुढे-मागे मान लागते. हे दोन आराखडे कागदावर एकाखाली एक काढून बघा. नव्या मानेचा खालचा अर्धा भाग म्हणजे जुना खांदा आहे. वरचा अर्धा तेवढा जुन्या मानेतून आलेला. नवा खांदा तर जुन्या पुंगळीच्या अंगाचाच तुकडा.

जुन्या खांद्याचा व्यास बुडाकडच्या टोकाला ११.२ मि.मी. होता. तो दाबून ९ च्या आसपास आणला. पितळ नाहीसे होत नाही. घेर कमी झाला की ते थोडे लांबीत सरकते आणि उरलेले जाडीत जाते. उलट जुन्या मानेत ७.८२ मि.मी.ची गोळी बसत होती, ती आता ८.२२ च्या गोळीसाठी उघडली, म्हणजे तो भाग किंचित पातळ झाला. एकाच मानेत तळाशी जाड आणि तोंडाशी पातळ अशा दोन भिंती तयार झाल्या. डायमधला एक्स्पांडर, म्हणजे मान आतून उघडणारा गोळा, आतला व्यास सगळीकडे सारखा करतो, म्हणून ही सगळी जादा जाडी बाहेर दिसते, पण तीही गोळी आत गेल्यावरच. काही पुंगळ्यांत मान आणि खांदा मिळतात तिथे आतल्या बाजूने कडे उभे राहते. लांब गोळी खोल बसवली की तिचे बूड त्या कड्यावर चढते आणि तेवढी जागा बाहेर फुगते. तुमच्या निम्म्याच पुंगळ्या अडतात याचे कारण हेच असावे: त्या एका कारखान्याच्या नाहीत, मुळातली जाडी वेगवेगळी आहे.

मी सुरुवातीला हीच चूक केली होती. चाळीस पुंगळ्या एका बैठकीत कापल्या, डायमधून काढल्या, ओळीत उभ्या केल्या आणि खूश झालो. पहिल्या नमुन्यात गोळी बसवून मान मोजली तर तोंडाशी ९.०२ आणि तळाशी ९.१५. ८×५७ च्या मानेची गोळीसकट कमाल मर्यादा ९.०८ मि.मी. आहे. ते चाळीस नग मी तिथेच बाजूला ठेवले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी तीन पुंगळ्या शेवटपर्यंत न्यायच्या, त्यांची मापे पटली तरच चौथीला हात लावायचा.

मोजायचे कसे? प्रायमर (बुडात बसणारी, ठिणगी देणारी टोपी) आणि दारू अजिबात न घालता, फक्त गोळी बसवून डमी बनवा. मानेचा बाहेरचा व्यास तोंडाशी, मध्यावर आणि खांद्यापासून मिलिमीटरभर वर असा तीन ठिकाणी घ्या. प्रत्येक ठिकाणी पुंगळी फिरवून दोनदा घ्या, कारण भिंत एका बाजूला जाड असणे नेहमीचे आहे. व्हर्नियर कॅलिपर कामचलाऊ उत्तर देतो. खरे उत्तर देतो तो गोल टोकाचा मायक्रोमीटर, जो मानेची भिंत थेट मोजतो. गणित सोपे आहे: ९.०८ मधून ८.२२ गेले की ०.८६ उरते, म्हणजे एका भिंतीला ०.४३. ही झाली मर्यादा, उद्दिष्ट नव्हे. माझ्या माउझरसाठी मी भिंत ०.३८ ते ०.४० च्या दरम्यान ठेवतो.

पण छापील मर्यादेपेक्षाही तुमच्या रायफलची स्वतःची मान महत्त्वाची. तिच्यातून उडालेली एखादी कारखान्याची ८×५७ पुंगळी असेल तर ती डायमध्ये घालण्याआधी मानेचा बाहेरचा व्यास मोजा. पितळ उडाल्यावर किंचित आत येते, म्हणून चेंबर त्याहून जरासे मोठेच असते. तुमच्या डमीची मान त्या उडालेल्या पुंगळीपेक्षा निदान ०.०५ ते ०.०८ मि.मी. लहान हवी. दुसरी खूण: उडालेल्या पुंगळीत नवी गोळी बोटाने सोडली की अडथळ्याशिवाय आत पडली पाहिजे. अशी पुंगळी हाताशी नसेल तर चेंबरचा साचा घ्या. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, जो ९० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो. तो आधी आकुंचन पावतो, मग हळूहळू फुगतो आणि ओतल्यापासून साधारण तासाभराने चेंबरच्या मापाला येतो. म्हणून घाईने मोजू नका आणि दुसऱ्या दिवसावरही टाकू नका.

मान जाड निघाली तर माझी पद्धत अशी. आधी मँड्रेल, म्हणजे ठरलेल्या व्यासाची पॉलिश केलेली दांडी, मानेतून पार खांद्यापर्यंत घालायची. आतली उंच-सखल जागा आणि ते कडे त्यामुळे बाहेर ढकलले जाते. मग नेक टर्निंगच्या हत्याराने बाहेरून पातळ पापुद्रा काढायचा. पाते खांद्याच्या सुरुवातीला नुसते टेकले पाहिजे, तिथे घळ पडता कामा नये. घळ पडली तर मान पुढे कधीतरी तिथूनच तुटणार. जाडी फारच जास्त असेल तर दोन हप्त्यांत काढा, एकदम नको. आतून रीमर, म्हणजे भोक कापून मोठे करणारे हत्यार, चालवणारेही आहेत. आतले कडे काढायला रीमर चांगला, पण तो आधीच्या भोकाच्या मागे जातो. भिंत एका बाजूला जाड असेल तर ती तशीच वाकडी राहते. म्हणून मी बाहेरून कापणे पसंत करतो.

आता नरम करण्याबद्दल, कारण तुमच्या वर्णनात ही पायरीच दिसली नाही. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. हे मिश्रण ताणायला, दाबायला उत्तम. पण प्रत्येक ताणाबरोबर आणि दाबाबरोबर ते कडक होत जाते, आणि कडक पितळाला आणखी वाकवले की ते तडकते. तुम्ही खांद्याची मान करताय, म्हणजे पितळावर एका झटक्यात मोठे काम करताय. मी खडबडीत कापल्यावर, डायमध्ये घालण्याआधी नरम करतो. मानेच्या आत ४०० अंश सेल्सियसला वितळणारा खुणेचा रंग लावायचा आणि खांद्याखाली अंगावर २३० अंशांचा. पुंगळी ड्रिलला लावलेल्या सॉकेटमध्ये फिरवत ठेवायची, ज्योत मान-खांद्यावर धरायची. आतला रंग वितळला की लगेच बाहेर काढायची. अंगावरचा रंग वितळला तर ती पुंगळी बाद. कारण बूड. सगळा दाब तेच पेलते, त्याला कारखान्याने मुद्दाम कडक ठेवलेले असते. बूड नरम झालेली पुंगळी दिसायला सुंदर असते आणि उडवताना जीवघेणी. पाण्यात टाकायची ती उष्णता खाली उतरू नये म्हणून. पोलादाप्रमाणे पितळ पाण्याने कडक होत नाही. आणि मान लालभडक होईपर्यंत तापवू नका. धातूचे कण मोठे होतात, मान इतकी लुळी पडते की गोळी धरत नाही. ज्योतीजवळ नेण्याआधी पुंगळी रिकामी आहे, आत जिवंत प्रायमर नाही, हे प्रत्येक नगाला डोळ्यांनी बघायचे.

पितळाच्या अंगात साठलेला ताण किती खरा असतो याचे जुने उदाहरण आहे. ब्रिटिश काळात भारतात सैन्याची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जायची आणि कोणी हात न लावता पुंगळ्यांना उभ्या भेगा पडायच्या. घोड्यांच्या मुत्रातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, या तिघांचा मेळ हे त्याचे कारण होते, आणि त्याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. म्हणून पुंगळ्या चकचकीत करायला अमोनिया असलेले पॉलिश कधीही वापरू नका, विशेषतः डायमधून नुकत्याच काढलेल्या, अजून नरम न केलेल्या पुंगळ्यांवर.

निवडीबद्दल फार लिहीत नाही. एका कारखान्याच्या, एका खेपेच्या पुंगळ्या एकत्र ठेवा. विजेरीने आत बघा: मधोमध एकच छिद्र असेल तर बॉक्सर पद्धत, दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डन. बर्डन बाजूला काढा, नेहमीच्या डायची, जुना प्रायमर काढणारी सुई त्यात मोडते. निकेलचा मुलामा असलेल्या या कामाला घेऊ नका. मुलामा घडवताना सोलतो, त्याचे कण डायला चरे पाडतात. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती पितळ दाबून बसवलेले असते, ती कड काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. बुडाच्या थोडे वर चमकदार कडे दिसले, किंवा टोक वाकवलेली तार आतून फिरवताना तिथे खाच लागली, तर ती पुंगळी आधीच ताणलेली आहे. फेकून द्या. आणि कोरड्या टंबलरची, म्हणजे पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या यंत्राची, धूळ हुंगू नका, बहुतेक प्रायमरांत शिसे असते.

वंगण मात्र जपून. कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की बुडाला भोक पाडून, आटे पाडून ओढून काढावी लागते. जास्त झाले तर तेल दाबले जात नाही म्हणून खांद्यावर खड्डे पडतात. मी लॅनोलिनचा अगदी पातळ हात अंगावर देतो, खांद्यावर जवळजवळ काहीच नाही, मानेच्या आत किंचित. आणि डाय बसवलेल्या प्रेसचे हँडल एका दमात खाली नेत नाही. थोडे आत, थोडे बाहेर, पाव फेरा वळवून पुन्हा आत. खांद्याला सुरकुत्या पडतात त्या घाईने.

आता "अजून खाली घेऊ का" याचे सविस्तर उत्तर. कडेविना असलेल्या या काडतुसांत पुंगळी चेंबरमध्ये खांद्यावर टेकते. डाय गरजेपेक्षा खाली घेतली की खांदा मागे जातो, पुंगळी चेंबरमध्ये सैल राहते. उडताना तिचे अंग भिंतीला चिकटते आणि बूड मागे बोल्टकडे धावते. बुडाच्या वरची भिंत तिथेच ताणून पातळ होते. तेच ते चमकदार कडे. दोन-चार वेळा असे झाले की बूड सुटे होऊन गरम वायू बोल्टकडे, तुमच्या चेहऱ्याकडे येतो. म्हणून उलट दिशेने या. डाय मुद्दाम वर ठेवा, इतकी की पहिल्या पुंगळीवर बोल्ट बंदच होणार नाही. मग थोडी थोडी खाली आणा. नेहमीच्या डायच्या आट्याला एक पूर्ण फेरा म्हणजे १.८ मि.मी., तेव्हा शेवटी सोळाव्या हिश्शाने फिरवायचे, म्हणजे ०.११ मि.मी. हँडलला हलकासा स्पर्श जाणवून बोल्ट बंद झाला की डायचा नट घट्ट करा. ही चाचणी फायरिंग पिन काढलेल्या बोल्टने करा. आणि माउझर ९८ मध्ये पुंगळी चेंबरमध्ये टाकून वर बोल्ट आपटू नका. त्याचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारे नख, बुडाच्या कडेवर उडी मारायला बनवलेला नाही. बूड हाताने त्याच्या नखाखाली सरकवा, मग पुढे न्या. नाहीतर एक्स्ट्रॅक्टरचा अडथळा तुम्हाला खांद्याचा वाटेल.

लांबीचे: खडबडीत कापणी ५८.५ च्या आसपास, घडवून झाल्यावर ५६.८ ला आणणे, आत-बाहेरची धार मोडणे. ५७.०० ही कमाल. लांब मान चेंबरच्या टोकाला टेकून गोळी चिमटते, परिणाम जाड मानेसारखाच.

पुंगळी तयार झाली तरी दारूचे माप मी इथे देणार नाही, आणि कोणाच्या तोंडी मापावर तुम्ही भरू नका. रूपांतरित पुंगळीच्या भिंती, खास करून लष्करी पितळाच्या, जाड असतात. आतली जागा कमी आणि म्हणून तेवढ्याच दारूचा दाब जास्त. उडालेली पुंगळी वापरलेल्या प्रायमरसकट काठोकाठ पाण्याने भरून वजन करा. कारखान्याच्या ८×५७ पुंगळीशी तुलना केली की किती जागा गेली ते ग्रेनमध्ये, म्हणजे दारू मोजायच्या वजनाच्या एककात, कळते. सुरुवात छापील पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून. ८×५७ च्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १८८८ च्या मूळ काडतुसाची गोळी ८.०८ मि.मी.ची होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ८.२२ ची झाली. अरुंद नळीच्या जुन्या रायफली अजून फिरतात म्हणून अमेरिकी तक्त्यांत या काडतुसाची दाबमर्यादा युरोपच्या ३९०० बारपेक्षा बरीच खाली ठेवली आहे. ९८ बनावटीची असली तरी तुमची नळी कोणती हे मोजून घ्या. शिशाची मऊ गोळी नळीतून ढकलून मोजणे, किंवा जाणकार बंदूक कारागिराला दाखवणे. हे झाल्याशिवाय एकही फैर नको.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त भीतीची वाटते. तुमच्या तयार पुंगळीच्या बुडावर अजूनही .३०-०६ असेच कोरलेले आहे, आणि आत ८.२२ ची गोळी आहे. ८×५७ चे काडतूस .३०-०६ च्या चेंबरमध्ये शिरू शकते. तिथे ते उडाले तर ८.२२ ची गोळी ७.८२ च्या नळीत कोंबली जाते आणि रायफल फुटते. बुडावरचा शिक्का वाचून कोणी शहाणा माणूससुद्धा ती चूक करेल, कारण शिक्काच चुकीचे सांगतो. म्हणून प्रत्येक बुडावर पक्क्या शाईने रंग, वेगळी डबी, डबीवर आत आणि बाहेर ठळक चिठ्ठी, आणि या पुंगळ्यांची डबी .३०-०६ ची रायफल असलेल्या कपाटात कधीही नाही. कोणाला उसन्या देऊ नका. मैदानावर उडवल्यावर एकूण एक मोजून परत आणा. आणि ज्या पुंगळ्या बाद ठरतील त्यांची मान पक्कडीने चपटी करून मगच भंगारात टाका.